बार उडाल्यानंतर

रानडुकरांच्या उपद्रवाविषयी जो वाद आपल्याकडे गेली कित्येक वर्षे विधिमंडळात, वर्तमानपत्रांत आणि गावोगावच्या चावड्यांवर चालू आहे, त्याचे एक वैशिष्ट्य असे, की दोन्ही पक्षांचा सारा युक्तिवाद बंदुकीचा बार उडेपर्यंत येतो आणि तेथेच थबकतो. नांगर फिरवावा तसे भुईमुगाचे शेत एका रात्रीत उकरून गेलेला कळप ज्याने पाहिला आहे तो शेतकरी म्हणतो, मारण्याची मोकळीक द्या; वन्यजीवांचा कैवारी म्हणतो, देऊ नका; आणि सरकार आपल्या नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे अर्ज, चौकशी व मुदत यांच्या कुंपणातून ती मोकळीक थोडीशी देते आणि थोडीशी राखून ठेवते. जनावर पडले, पुढे काय, हा प्रश्न मात्र कोणाच्याही निवेदनात आढळत नाही. वास्तविक, मारण्याच्या कृत्याला काही नीती असू शकत असेल, तर तिची खरी कसोटी जनावर पडल्यानंतरच्या दोन-तीन तासांत लागते असे माझे मत आहे, आणि ज्या समाजांनी शिकार टिकवली त्यांनी हे तास कसे बांधून घेतले, हे पाहिल्यावाचून आपल्या प्रश्नाचा निकाल लागणार नाही.

प्रथम आपली वहिवाट पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हौसेच्या शिकारीला लगाम घातला, १९९१ च्या दुरुस्तीने ती या देशातून हद्दपार केली, आणि ते उचितच झाले. त्याच अधिनियमाचे ११ वे कलम माणसाच्या जीवितास किंवा उभ्या पिकास अपाय करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार वनखात्याच्या अंमलदारांना देते. आणि ३९ वे कलम असे सांगते, की अशा रीतीने मारलेले जनावर ही राज्य सरकारची मालमत्ता होय. म्हणजे जागरण शेतकऱ्याचे, काडतुसाचा खर्च शेतकऱ्याचा, पण पडलेले डुक्कर सरकारचे. ही मालकी सरकार उपभोगते कशी? तर अंमलदार येतो, पंचनामा होतो, पंचांच्या सह्या-अंगठे घेतले जातात, आणि अडीच-तीन मण वजनाचे ते कलेवर खड्ड्यात पुरून अगर सरपणावर जाळून टाकले जाते. केरळने २०२२ साली परवानगीचा हा अधिकार पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला, तरी जनावराचा शेवट तेथेही खड्ड्यातच ठेवला. मालमत्ता म्हणून जिच्यावर हक्क सांगितला, तीच वस्तू त्याच दिवशी मातीत घालणारा मालक आपल्या महसुली दप्तरात दुसरा सापडणे कठीण.

याच्या अगदी उलट टोकाला उत्तर अमेरिकेतील अलास्का हा प्रांत आहे. तेथे मूस नावाचे एक हरीण आढळते. हरीण म्हणायचे ते केवळ कुळामुळे, कारण त्याचा पूर्ण वाढलेला नर सातशे किलोंपर्यंत भरतो, म्हणजे आपल्या थोरल्या सांबराच्याही दुपटीहून अधिक. अशा जनावरातून सुमारे सव्वादोनशे किलो निव्वळ मांस निघते, आणि ते बहुधा रस्त्यापासून कोसगणती दूर, दलदलीत अथवा नदीकाठच्या झुडपांत पडलेले असते. तेथील अनुभवी माणसे नवख्याला सांगतात, की गंमत बार उडाला की संपते, मग काम सुरू होते; आणि हे काम कसे करावे, कोणते मांस उचललेच पाहिजे, याचा कायदा त्या प्रांताने अवयवांच्या नावानिशी लिहून ठेवला आहे. मान, छाती, बरगड्यांवरील मांस, पुढचे दोन्ही पाय गुडघ्याच्या सांध्यापर्यंत, मागचे दोन्ही घोट्याच्या सांध्यापर्यंत आणि पाठीच्या कण्यालगतचे दोन्ही बाजूंचे मांस, एवढे रानातून बाहेर काढणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य. त्यात कसूर केल्यास दंडाबरोबर कैदही होऊ शकते. याहून मार्मिक तरतूद शिंगांसंबंधी आहे. सगळे मांस हलल्यावाचून, फार तर मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर, शिंगे हलवता येत नाहीत. ज्या एका वस्तूसाठी श्रीमंत माणसे जगभरातून तेथे जातात, तीच वस्तू कायद्याने मुद्दाम रांगेत सर्वांत शेवटी उभी केली आहे.

हे काम बाहेरून दिसते तितके रासवट नाही. जनावराच्या अंगात मरणसमयी आपल्यापेक्षा थोडी अधिकच उष्णता असते, जाड कातडे व दाट केस ती आत कोंडून धरतात, आणि रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटातील अन्नाचे आंबणे त्याचा श्वास थांबल्याने थांबत नाही. वायू साचत जातो, पोट फुगू लागते, आणि आतड्यांतील जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणून पहिले काम म्हणजे पोट उघडून आतडी-कोथळा बाहेर काढणे. ते करताना कसबी माणूस सुरीचे पाते वर, आकाशाकडे ठेवतो. डाव्या हाताची दोन बोटे कातड्याखाली घालून ते आतड्यांपासून उचलून धरतो, आणि त्या बोटांच्या मधून छातीच्या हाडापासून जांघेपर्यंत बेताने चीर नेतो, कारण पाते जरा खोल गेले आणि पोट किंवा मूत्राशय फुटले, तर सगळी मेहनत वाया जाते. मग गुदद्वाराभोवती गोल काप घेऊन तो भाग दोरीने बांधायचा, उदर आणि छाती यांमधील पडदा बरगड्यांच्या कडेने सोडवायचा, हात गळ्यापर्यंत आत घालून श्वासनलिका व अन्ननलिका शक्य तितक्या वरून कापायच्या, आणि जनावर कुशीवर कलंडवून सगळा कोथळा एका ओढीत बाहेर घ्यायचा. पोकळी काटकीने ताणून उघडी ठेवली, की वारा आत खेळतो आणि रक्त निथळते. एवढे झाल्यावरही निर्धास्त होता येत नाही. मागच्या फऱ्यात खुब्याच्या हाडाभोवती मांसाचा थर इतका जाड असतो, की बाहेरून हात लावला तर थंड आणि आत हाडाशी मात्र ऊब तशीच, आणि त्या उबेने मांस आतून आंबत जाते. म्हणून मोठ्या जनावराचे चार फरे करून, कातडे काढून, माश्या बसू नयेत व वारा लागावा अशा विरळ सुती पिशव्यांत घालून ते सावलीत टांगतात. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणारा मनुष्य तेथे अडाणी समजला जातो. शिवाय हे सर्व करताना कोणीतरी एकाने सभोवार नजर ठेवावयाची असते, कारण कोथळ्याचा वास अस्वलांना लांबून येतो, आणि त्यांना मालकी हक्काचे कलम ठाऊक नसते.

पण मला अलास्काची जी गोष्ट सर्वांत बोधप्रद वाटते, ती शिकारीची नाहीच. मोटारीच्या धडकेने मेलेला मूस तेथेही, आपल्या ३९ व्या कलमातील जनावराप्रमाणेच, प्रांताची मालमत्ता मानला जातो. असे शेकडो मूस दर वर्षी रस्त्यांवर मरतात. पोलीस येतात, जनावर पाहतात, आणि गरजू कुटुंबांची व धर्मादाय संस्थांची जी यादी तयार असते तीतील पुढच्या नावाला, प्रसंगी मध्यरात्री, दूरध्वनी करतात. ती माणसे सुऱ्या, दोर आणि मोटार घेऊन बर्फात येतात आणि जनावर घेऊन जातात. सरकारी मालकीचे तत्त्व तेच, शब्दही जवळजवळ तेच. एका ठिकाणी त्यातून यादी निर्माण झाली, दुसऱ्या ठिकाणी खड्डा.

अर्थात अमेरिकन लोकांना हे शहाणपण जन्मतः लाभले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच लोकांनी तेथील गवताळ प्रदेशांतील गवे केवळ कातड्यांसाठी आणि कधी नुसत्या जिभेसाठी मारून बाकीची धडे उन्हात कुजत टाकली, आणि कोट्यवधींच्या संख्येने फिरणारे ते कळप काही शेकड्यांवर आणून ठेवले. प्रवासी कबुतर नावाचा पक्षी बाजारात पिंपे भरभरून विकला गेला, आणि त्याची शेवटची मादी १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्या अनुभवातून त्यांनी दोन गोष्टी उचलल्या. एक, मारलेले वाया घालवावयाचे नाही. आणि दुसरी, रानातल्या शिकारीचे मांस विकावयाचे नाही. बेकायदा मारलेल्या शिकारीच्या आंतरप्रांतीय व्यापाराला आळा घालणारा लेसी यांचा कायदा १९०० सालचा आहे. खाण्याची मुभा आणि विकण्याची बंदी या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, ही कल्पना आमच्या चर्चेत अजून शिरलेली नाही; आमच्याकडे मांसाचा विषय काढताच समोरचा मनुष्य बाजाराचे चित्र डोळ्यांपुढे आणतो.

जर्मनीची रीत आणखी निराळी आहे. तेथे रानडुकराचे मांस विकतातही, पण त्यापूर्वी त्यातील कृमींची तपासणी सक्तीची असते; उदराच्या पडद्याच्या मुळाशी असलेला स्नायू आणि पुढच्या पायाचा स्नायू यांचे लहानसे तुकडे प्रयोगशाळेत जातात, आणि निर्वाळा येईपर्यंत शिकाऱ्याच्या स्वतःच्या घरीसुद्धा ते मांस शिजत नाही. १९८६ च्या चेर्नोबिलच्या अपघातानंतर बव्हेरियातील डुकरे किरणोत्सर्गासाठीही तपासली जातात, आणि किलोमागे सहाशे बेकेरेलची मर्यादा ओलांडणारे मांस नष्ट केले जाते. शिकारीचा परवाना मिळविण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तीत नेमबाजीबरोबर जनावर उघडून त्याचे यकृत, फुप्फुस, आतडी निरोगी आहेत की नाहीत हे ओळखण्याचे ज्ञानही अपेक्षित असते. इतक्या रुक्ष लोकांची एक चाल मात्र मला फार आवडते: पडलेल्या नराच्या तोंडात ओक किंवा पाइन अशा झाडाची एक हिरवी डहाळी ठेवायची, त्याचा शेवटचा घास म्हणून, आणि मगच सुरी काढायची.

आता आपल्या घरात डोकावू. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचलेला ‘मानसोल्लास’ हा राजेलोकांच्या सुखोपभोगांचा ग्रंथ. त्यात मृगयेचे प्रकरण आहे, तसेच भोजनाचेही आहे, आणि डुकरावर पांढरे वस्त्र पसरून त्यावर कढत पाणी ओतावे म्हणजे राठ केस हाताने सुटून येतात, अथवा गवताच्या जाळाने ते काढावेत, इतक्या तपशिलात तो राजा शिरतो. म्हणजे दख्खनच्या राजसिंहासनावरून सुरीच्या कामाचा उल्लेख करण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे ही दोन प्रकरणे एकमेकांपासून तुटली. इंग्रजी अमदानीतल्या साहेबाला आणि त्याचे अनुकरण करणाऱ्या संस्थानिकाला हवे असे ते मस्तक आणि कातडे; त्यासाठी म्हैसूरला व्हॅन इंजेन यांचा कारखाना होता, जेथे हजारो वाघ-बिबळ्यांची कातडी पुन्हा उभी राहिली. कोल्हापुरास चित्त्यांकरवी काळवीट धरविण्याचा शौक विसाव्या शतकातही चालू होता, आणि त्यातही धरलेल्या काळविटाचा गळा कापून लाकडी पळीत रक्त काढायचे व ते चित्त्यापुढे धरून त्याची पकड सोडवायची, हे काम चित्तेवानाचे. महाराज आणि त्यांचे पाहुणे तोवर गाडीत बसलेले. मांसाचे वाटे हाकाऱ्यांच्या वाट्याला, आणि छायाचित्र साहेबाच्या.

या विभागणीच्या खाली आपल्याकडे आणखी एक विभागणी होती, आणि तिच्याकडे डोळेझाक करून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंदूक हा प्रतिष्ठेचा जिन्नस आणि सुरी हा विटाळाचा, असा आपल्या समाजाचा निवाडा होता. मेलेले जनावर ओढण्याचे व फाडण्याचे काम विशिष्ट जातींवर वतनाच्या नावाने लादले, आणि ते करतात म्हणून त्यांनाच शिवाशिवीच्या बाहेर ठेवले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा जो उपदेश केला, त्यामागे हा सगळा इतिहास उभा होता, आणि तो उपदेश शिरोधार्य मानल्याने माणसे ताठ उभी राहिली. म्हणून आज रानडुकराच्या मांसाचा सदुपयोग करा असे कोणी मुंबईत बसून सुचवले, तर माझा पहिला प्रश्न असा राहील, की सुरी धरणार कोण? जुन्याच माणसांनी, जुन्याच बिनमोल रीतीने, हे उत्तर असेल तर मला खड्डा पतकरेल. अर्थात तो खड्डा खणावा लागतो तोही बहुतेक वनमजुरालाच, ही गोष्ट वेगळी. जर्मनीत शिकारी डॉक्टर असो वा वकील, पोट त्यालाच उघडता यावे लागते. ज्याला मारण्याचा परवाना हवा त्याने उघडण्याचे शिक्षण घ्यावे आणि आपल्या हाताने उघडावे, ही अट आपल्याकडे घातली तर परवान्यासाठी येणाऱ्या हौशी अर्जदारांपैकी पुष्कळ जण परस्पर गळतील असा माझा कयास आहे.

शिवाय उघडण्याचा उपयोग केवळ खाण्यापुरता नाही. जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर तिचा जबडा तपासला, तेव्हा जुन्या बंदुकीच्या जखमेने तिचे उजव्या बाजूचे सुळे मोडलेले आढळले, आणि चारशेहून अधिक माणसांच्या मृत्यूचे मूळ एका अर्धवट शिकारीत होते हे जगाला कळले. रानडुकराच्या पोटात मका होता की कंदमुळे, मादी गाभण होती की नाही, यकृतावर डाग होते की नाही, अंगात जुना छर्रा होता का, एवढे चार रकाने पंचनाम्यात वाढवले, तर पाच-दहा वर्षांत पिकांच्या नुकसानीविषयी आपल्या खात्यापाशी आज आहे त्यापेक्षा अधिक विश्वसनीय माहिती साठेल. रोगाच्या दृष्टीने तर ती अत्यंत निकडीची आहे. आफ्रिकी स्वाइन फीव्हर हा डुकरांचा असाध्य रोग २०२० साली आसाम-अरुणाचलातून या देशात शिरला. माणसाला तो होत नाही, पण पाळीव डुकरांचे कळपच्या कळप तो संपवतो, आणि रानात उघड्यावर टाकलेला कोथळा हे त्याच्या प्रसाराचे एक साधन असते. तेव्हा मांस कोठेही जावो, आतडी-कोथळा मात्र खोल पुरलाच पाहिजे, आणि रोगाची साथ असलेल्या जिल्ह्यात तर जनावर जागेवर उघडूही नये.

ज्यांना माणसाने हे मांस खावे ही कल्पनाच रुचत नाही, त्यांच्यासाठीही एक वाट आहे. गडचिरोलीत आपल्याच वनखात्याने गिधाडांसाठी मेलेली गुरे ठेवण्याच्या जागा केल्या, ज्यांना लोक कौतुकाने गिधाडांची उपाहारगृहे म्हणतात. तपासलेले रानडुक्कर तेथे का जाऊ नये? मात्र येथेही सुरीवाचून सुटका नाही. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेभोवती दूरवर पसरतात, आणि असे कण पोटात जाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर नावाची थोरली गिधाडे इतकी मेली, की त्या प्रांताने २०१९ पासून शिकारीत शिसे वापरण्यास संपूर्ण बंदी केली. वेदनाशामक डायक्लोफेनॅकमुळे आपली गिधाडे एकदा जवळजवळ संपली आहेत. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्यापुढे शिसे वाढणे हा दुसरा अविचार होईल.

यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मांस मिळते असे दिसले, की पिकाचे निमित्त पुढे येईल. रानडुकराच्या नावाखाली भेकर आणि चौशिंगा कापला जाईल. आणि फरे करून पिशवीत घातलेले मांस कोणाचे, हे नाक्यावरच्या शिपायाला सांगता येणार नाही. ही भीती खरी आहे. परंतु खड्ड्याने ती नाहीशी होते असे मानणारा मनुष्य आपल्या ग्रामीण भागात फारसा हिंडलेला नसावा. परवानगीने पडलेले डुक्कर खड्ड्यात जाते आणि फासक्यात अडकलेले भाकरीबरोबर जाते, हे कोणत्याही कसब्यातल्या शहाण्या माणसाला विचारावे. कायदा पाळणाऱ्याला रिक्त हस्ते घरी पाठवायचे आणि मोडणाऱ्याला भरल्या ताटावर बसवायचे, अशी आजची तजवीज आहे. मी विक्रीची परवानगी मागत नाही. ती कधीही देऊ नये. मागणी एवढीच, की ज्याच्या शेतात जनावर पडले त्या गावाला, तपासणीनंतर, पशुवैद्याच्या शिक्क्यानिशी, मुंडके व कातडे सरकारजमा करून, ते मांस विनामूल्य मिळावे आणि ज्याला नको असेल त्याने नको म्हणावे. यासाठी ३९ व्या कलमाच्या अंमलात जी दुरुस्ती करावी लागेल ती विधिमंडळाच्या आणि केंद्राच्या कायदेपंडितांनी पाहावी.

एक अडचण मात्र कायद्याची नसून घड्याळाची आहे. विदर्भातल्या वैशाखात, रात्रीचेसुद्धा वारे भाजून काढीत असताना, पहाटे दोनच्या सुमारास पडलेले डुक्कर उजाडण्यापूर्वी उघडून सावलीत टांगले गेले पाहिजे. आणि आजच्या रिवाजाप्रमाणे त्याला हातही न लावता अंमलदाराची वाट पाहायची असते, जो तालुक्याच्या गावाहून, दोन पंच गोळा करीत, पुष्कळदा दुपारपर्यंत पोहोचतो. तोवर पोट फुगलेले असते, माश्या बसलेल्या असतात, आणि पशुवैद्यापाशी तपासण्यासारखे काही उरलेले नसते. अशा स्थितीत पुरण्याचा हुकूम अगदी बरोबर आहे, आणि ते मांस कोणी खावे असे मी सुचविणार नाही. तेव्हा सुधारणेचा आरंभ करावयाचाच असेल तर परवानगीच्या कागदावरच, ज्या रात्री जनावर मारले जाणार आहे त्या रात्री वनरक्षक आणि पशुवैद्यकीय खात्याचा एक प्रशिक्षित इसम शेताच्या बांधावर हजर राहील, अशी ओळ घालून करावा. त्यांचा रात्रभत्ता कोणत्या खात्याच्या नावे टाकायचा यावर दोन्ही खात्यांत पत्रव्यवहार सुरू होईल हे उघड आहे, परंतु तो खर्च एका लाकडी चितेच्या सरपणाहून फार अधिक येईल असे वाटत नाही.